'देवाची इच्छा' म्हणायच्या आधी: हिंसा, दुःख आणि ख्रिस्ती विश्वास, सोप्या भाषेत

कुठं चर्चमध्ये बॉम्ब फुटला, कुठं कोणी शाळेत घुसून गोळ्या झाडल्या, नाहीतर आपल्याच वस्तीत रात्री फालतू भांडणातून चाकू चालला आणि कोणाचं तरी पोरगं गेलं, की ख्रिस्ती माणसाला दुसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो. कधी ऑफिसातला मित्र विचारतो, कधी घरातलीच कॉलेजात जाणारी पोरगी विचारते, की तुमचा देव प्रेमळ आहे म्हणता ना, सगळं त्याच्या हातात आहे म्हणता ना, मग तेव्हा तो काय करत होता? मी नागपुरात सदरच्या बाजूला राहतो, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, तरुण संघात बायबल अभ्यास घेतो, आणि कोणताही विषय काढा, गाडी शेवटी इथंच येऊन थांबते. म्हणून एकदा सगळं सविस्तर आणि सोपं करून लिहून काढतोय. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

आधी कोडं नीट मांडू. ख्रिस्ती लोक तीन गोष्टी एकाच वेळी मानतात. देव सर्वसमर्थ आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. आणि जगातला दुष्टपणा खराखुरा आहे, तो भास नाही की माया नाही. आता देवाला वाईट थांबवता येत असेल आणि थांबवायची इच्छाही असेल तर वाईट उरायलाच नको ना? आणि उरलंय तर मग एकतर त्याला जमत नाही किंवा त्याला नकोय. हा युक्तिवाद एपिक्युरस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितला जातो, अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमनं तो पुन्हा धारदार करून मांडला, आणि १९५५ मध्ये जे. एल. मॅकी नावाच्या तत्त्वज्ञानं तर सरळ म्हटलं की या तिन्ही गोष्टी एकत्र मानणं हा लॉजिकचाच घोळ आहे.

तिघांतली एक गोष्ट सोडली की कोडं लगेच सुटतं, हे लक्षात घ्या. देव तेवढा समर्थ नाही म्हणा, सुटलं. दुष्टपणा वरवरचा आहे म्हणा, सुटलं. मागच्या जन्माचे भोग आहेत म्हणा, तरी सुटतं, आपल्याकडे शेजारीपाजारी सांत्वनाला आले की हे बोललंच जातं. नागपुरात तर बौद्ध मित्र घरोघरी आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना जाणवतं की त्यांच्याकडे जग निर्माण करणारा देवच गृहीत नाही, दुःख आहे इथून त्यांची सुरुवात होते, त्यामुळे 'देवानं काहून होऊ दिलं' हा प्रश्न त्यांना या रूपात पडतच नाही. ख्रिस्ती माणूस मात्र तिन्ही गोष्टी धरून बसतो आणि म्हणून त्याला हा प्रश्न इतका टोचतो. म्हणजे देव चांगला आहे असं मानता म्हणूनच तर त्याचा राग येतो.

आणखी एक फरक आधीच करून ठेवू. भूकंप, पूर, आजार यातून येणारं दुःख वेगळं, आणि माणसानं माणसाला ठरवून दिलेलं दुःख वेगळं. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून रात्री परत येताना फुगलेल्या नाल्यात बुडून गेले, त्यात कोणाचा हात नव्हता. १ नोव्हेंबर १७५५ ला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं आणि सगळ्या युरोपचा देवावरचा विश्वास हादरला. तो विषय मोठा आहे, तो आज नाही. आज बोलतोय ते कोणीतरी हातात हत्यार घेतलं त्याबद्दल.

या दुसऱ्या प्रकाराला ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात वापरलेलं उत्तर म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य. देवानं माणसाला प्रेम करता येईल असं बनवलं, आणि प्रेम जबरदस्तीनं होत नाही, नाही म्हणायची मोकळीक असेल तरच हो म्हणण्याला अर्थ आहे, आणि ती मोकळीक दिली की कोणी ती चाकू उचलायला वापरेल हा धोका आलाच. ॲल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७० च्या दशकात हे फार काटेकोरपणे मांडलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की स्वतंत्र माणसं असलेलं पण वाईट होण्याची शक्यताच नसलेलं जग बनवणं हे कदाचित सर्वसमर्थ देवालाही शक्य नसेल, जसं चौकोनी वर्तुळ काढणं शक्य नाही, आणि नुसती ही शक्यता मान्य केली तरी मॅकीचा 'लॉजिकचा घोळ' हा आरोप टिकत नाही. देव न मानणाऱ्या बऱ्याच तत्त्वज्ञांनीही पुढं कबूल केलं की सरळ विसंगती काही सिद्ध होत नाही.

संत ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला आफ्रिकेतला बिशप, त्यानं याच्या आधीचा एक मूलभूत प्रश्न घेतला होता. देवानं सगळं निर्माण केलं तर दुष्टपणाही त्यानंच निर्माण केला का? तो म्हणाला नाही, कारण दुष्टपणा ही मुळात वस्तूच नाही, ती चांगल्या गोष्टीची झालेली नासाडी आहे. कापडाला भोक पडतं तसं समजा. भोक खरं असतं, त्यातून थंडी लागते, पण कापडाशिवाय नुसतं भोक कुठं सापडणार नाही आणि विणकरानं ते विणलेलंही नसतं. मला हे पटतं. खून करणाऱ्यामध्येही जी ताकद, जी हुशारी, जी मित्रांसाठीची निष्ठा वापरली गेली ती मुळात चांगलीच होती आणि तीच सडली, हे आपण पेपरात रोज वाचतो.

पण इथं थांबलं तर फसवणूक होईल. १९७९ मध्ये विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञानं प्रश्न फिरवून विचारला. ठीक आहे, विसंगती नसेल, पण जंगलाला आग लागली, एक हरणाचं पाडस त्यात भाजलं, कोणाला पत्ताही नाही आणि ते कित्येक दिवस तडफडून मेलं, यातून नेमकं कोणतं भलं झालं? असं एक जरी निरर्थक दुःख असलं तरी चांगल्या देवावर विश्वास ठेवणं कठीण होतं की नाही? आणि माणसांच्या जगात तर अशी उदाहरणं किती! खून करणाऱ्याचं स्वातंत्र्य सांभाळलं, मग ज्याला मारलं त्याच्या स्वातंत्र्याचं काय? देवानं अधूनमधून एखाद्याचा हात धरला असता तर काय बिघडलं असतं? याला प्रामाणिक ख्रिस्ती उत्तर एकच आहे असं मला वाटतं, की आपल्याला दिसत नाही. देवाकडे कारण असेलही, पण आपल्या बुद्धीला ते दिसलं पाहिजे असं नाही. लॉजिक म्हणून हे चुकीचं नाही, पण ज्याचं माणूस गेलंय त्याच्या हातात यातून काहीच पडत नाही.

आणि एक उत्तर आहे ज्याच्याबद्दल मी जरा सावध राहतो. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपच्या विचारावरून जॉन हिक या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६६ मध्ये मांडलं की हे जग माणूस घडवण्याची जागा आहे, दुःखाशिवाय धीर, करुणा, त्याग हे गुण तयारच होत नाहीत. स्वतःच्या छोट्यामोठ्या संकटांबद्दल हे म्हणायला ठीक आहे. दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाबद्दल म्हणू नये. कोणाच्या तरी लेकराचा जीव गेला तो तुम्हाला-मला शहाणं करायला, असं म्हणणारा देव बायबलमध्ये मला सापडत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. 'देवानं काहून होऊ दिलं' हा प्रश्न दोन वेगळी माणसं विचारतात. एक असतो कॉलेजातला पोरगा, त्याला विचार करायचाय, त्याच्याशी वरचं सगळं बोला, रात्री बारापर्यंत बोला. दुसरी असते आई. शब्द तेच असतात पण ती विचारत असते काहीतरी वेगळंच. तिला प्लँटिंगा सांगणं म्हणजे क्रूरपणा आहे, आणि आपल्या चर्चमध्ये हा क्रूरपणा फार होतो, चांगल्या मनाचे लोकच करतात.

एका घरातलं सांगतो, नाव-गाव राहू द्या. पोरगा वीस-बावीसचा, वस्तीतल्याच पोट्ट्यांशी गाडीला कट मारण्यावरून बोलाबोली झाली आणि त्यांनी त्याला रात्री गाठलं. घरासमोर मांडव होता, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी कपातला चहा फिरत होता, आई आत सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेली आणि मांडीवर त्याचा टॉवेल घेऊन सारखी त्याची घडी घालत होती, उघडत होती, परत घालत होती. मंडळीतल्या एक बाई जवळ बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताई, चांगली फुलं देव लवकर तोडतो. त्याचीच इच्छा होती म्हणायची." आईनं घडी थांबवली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही, फक्त विचारलं, "मग त्या पोट्ट्यांच्या हातात चाकू देवानंच देला काय?"

कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच, कारण प्रश्न बरोबर होता. पाळकसाहेबांच्या घरच्या बाई तेवढ्या उठल्या, आईसमोरचा गार झालेला चहा उचलला, दुसरा गरम आणून ठेवला आणि तिच्या शेजारी खाली बसून राहिल्या.

त्या आईच्या प्रश्नाला बायबलचं उत्तर काय ते बघू. बायबलमधला पहिला मृत्यू म्हाताऱ्या माणसाचा शांतपणे झालेला नाही, तो खून आहे. काइनानं सख्ख्या भावाला, हाबेलला, शेतात नेऊन मारलं. तिथं देव 'माझी इच्छा होती' असं म्हणत नाही. तो खुन्याला विचारतो, तुझा भाऊ कुठं आहे? आणि म्हणतो की तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडून राहिलंय. म्हणजे पहिल्याच खुनात देव मेलेल्याच्या बाजूनं उभा आहे आणि मारणाऱ्याला जाब विचारतोय. ज्याला 'देवाची इच्छा' म्हणायची घाई असते त्यानं बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, चौथा अध्याय आधी वाचावा.

दुसरं, रोजची प्रभूची प्रार्थना घ्या. स्वर्गात जशी तुझी इच्छा पूर्ण होते तशी पृथ्वीवरही होवो, असं आपण मागतो. पृथ्वीवर जे जे घडतं ती सगळी आधीच देवाची इच्छा असती तर हे मागायचं कशाला? येशूनं ही प्रार्थना शिकवली याचाच अर्थ असा की इथं बरंच काही त्याच्या इच्छेविरुद्ध चाललंय.

इथं कोणी लगेच म्हणेल, भाऊ, येशू तर म्हणाला ना की पित्याशिवाय एक चिमणीसुद्धा खाली पडत नाही. म्हणाला. आणि आपल्या नागपूरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये हे फार मुरलेलं आहे, कारण हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून, आणि त्या परंपरेत देवाच्या सार्वभौमपणावर फार भर. शिवाय त्याच्या मर्जीशिवाय पानही हलत नाही हे मराठी माणूस कोणत्याही धर्माचा असो, बोलतोच. पण त्याच परंपरेचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो याचा लेखी जाहीरनामा, उघडून बघा, सगळं देवाच्या योजनेत आहे असं म्हणता म्हणता तोही ठामपणे सांगतो की देव पापाचा कर्ता नाही. होऊ देणं आणि करवणं यात फरक आहे. तो फरक सगळं कोडं सोडवत नाही, मी तसं म्हणत नाही, पण चाकू देवानं दिला का या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणता येतं. चाकू देवानं दिला नाही. ज्यांनी उचलला त्यांनी उचलला, आणि दोष त्यांचा आहे.

सांत्वनाला गेल्यावर दोन वचनं हमखास काढली जातात, त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. एक योसेफाचं. भावांनी त्याला विकलं, आणि पुढं तो त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं पण देवानं त्यातून चांगलं योजलं. सुंदर वचन आहे. पण हे कोण म्हणतंय बघा. ज्याला खड्ड्यात टाकलं, विकलं, जेलमध्ये सडवलं तो स्वतः म्हणतोय, आणि कित्येक वर्षांनी म्हणतोय. खड्ड्याच्या काठावर उभं राहून दुसऱ्या कोणी त्याला हे ऐकवलेलं नाही. दुसरं वचन रोमकरांस पत्रातलं, आठवा अध्याय, देवावर प्रेम करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. खरं आहे, पण याच अध्यायात जरा वर हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लिहितो की सगळी सृष्टी कण्हत आहे, आपणही आतल्या आत कण्हतो, आणि प्रार्थना काय करावी हे सुचत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. आधीचं कण्हणं गाळून अठ्ठाविसावं वचन एकटंच कोणाच्या तोंडावर मारू नका.

खुद्द येशूला कोणी हा प्रश्न विचारला होता का? हो, आणि तोही एका ताज्या हत्याकांडाबद्दल. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, तेराव्या अध्यायात लोक बातमी घेऊन येतात की रोमन सुभेदार पिलातानं काही गालीली माणसांना यज्ञ करतानाच मारलं, त्यांचं रक्त त्यांच्या यज्ञाच्या रक्तात मिसळलं. म्हणजे उपासना करताना मारलेली माणसं. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या सकाळी श्रीलंकेत तीन चर्च आणि काही हॉटेलांत बॉम्ब फुटले, अडीचशेहून जास्त जीव गेले, नेगोम्बोच्या चर्चमधल्या येशूच्या पुतळ्यावर रक्ताचे शिंतोडे उडालेले आपण सगळ्यांनी फोटोत पाहिले. तशीच ती बातमी होती. येशू काय म्हणाला? ही माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती म्हणून त्यांच्या वाट्याला हे आलं असं वाटतं का तुम्हाला? मी सांगतो, नाही. आणि पुढं स्वतःच दुसरं उदाहरण काढलं, शिलोह इथं बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेममधल्या सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती? नाही.

हे वाचताना नागपूरच्या माणसाला २३ नोव्हेंबर १९९४ आठवल्याशिवाय राहत नाही. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी बांधव हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आले, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं फार. सीताबर्डीला त्यांचं स्मारक आहे, आपण रोज तिथून जातो. कोण म्हणेल की त्या बायांचं काही पाप होतं? येशूचं 'नाही' त्या ११४ जणांनाही लागू आहे. दुःख बघून पाप मोजायचा धंदा त्यानं बंद करून टाकला. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप याचं की आईबापांचं, तेव्हाही तो म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. पण एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, लूकच्या त्या उताऱ्यात तो कारणही देत नाही. पिलातानं असं का केलं, देवानं का होऊ दिलं, काही नाही. तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा, बदला. मेलेल्यांचा हिशोब काढू नका, स्वतःकडे बघा.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, एका नीतिमान माणसावर कोसळलेल्या संकटांची गोष्ट, तर या विषयाचं घरच आहे. ४२ अध्याय. गुरंढोरं लुटारूंनी नेली, गडी तलवारीनं मारले, दहाच्या दहा लेकरं घर कोसळून गेली. तीन मित्र आले, आणि आल्या आल्या त्यांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतर तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. देव न्यायी आहे, तू काहीतरी केलं असशील, कबूल कर, असं पानोपानी. ईयोब ऐकून घेत नाही, तो देवालाच कोर्टात खेचायची भाषा करतो, माझा जन्म झाला तो दिवस जळो म्हणतो. शेवटी देव वादळातून बोलतो, पण तेव्हाही कारण सांगत नाही, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास असं विचारतो, समुद्र, तारे, रानगाढव, गरुड दाखवतो. मला तरुणपणी हे उत्तर टाळाटाळीचं वाटायचं, आजही पूर्ण पटतं असं म्हणणार नाही. पण शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. जो ओरडला, ज्यानं जाब मागितला, तो देवाविषयी बरोबर बोलला! आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते चुकले.

म्हणून रागावलेल्या माणसाला गप्प बसवू नका. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, रडगाणी, तक्रारी, जाब भरपूर आहेत. ८८ वं स्तोत्र सुरू होतं अंधारात आणि संपतंही अंधारातच, शेवटी आशेची एक ओळ जोडून कोणी ते गोड केलेलं नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. हबक्कूक संदेष्टा पहिल्याच ओळींत ओरडतो की जुलूम जुलूम म्हणून मी कुठवर ओरडू, तू सोडवत का नाहीस? मत्तयच्या शुभवर्तमानात हेरोद राजा बेथलेहेमची लेकरं मारतो, तिथं लेखक इस्राएलची पूर्वज आई राहेल हिची आठवण काढतो, जी आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घ्यायला नकार देते. नाताळच्या गोष्टीतला हा भाग आपल्या नाटुकल्यांमध्ये कधीच नसतो, त्याचं मला वाईट वाटतं. देवाशी भांडणं मराठी माणसाला नवीन थोडंच आहे, जनाबाई विठोबाला काय काय बोलली हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिची भक्ती कमी होती असं कोणी म्हणत नाही.

आता मुद्द्याचा गाभा. ख्रिस्ती विश्वासाकडे या प्रश्नाला जे स्वतःचं असं आहे ते वधस्तंभ, म्हणजे येशूचा क्रूस, आहे. येशूचा मृत्यू आजारानं झाला नाही, खोटी केस, विकला गेलेला मित्र, जमावाची ओरड, हात धुवून मोकळा झालेला अधिकारी आणि सरकारी फाशी, असा झाला. म्हणजे हिंसेनं झाला. आणि मरताना तो स्तोत्र २२ ची पहिली ओळ ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ख्रिस्ती माणूस मानतो की हा देवाचा पुत्र आहे. मग 'देवा, काहून' हा आक्रोश करणाऱ्यांच्या रांगेत देव स्वतः उभा आहे, असं झालं. या आक्रोशाला गुड फ्रायडेला आभाळातून उत्तर आलं नाही.

जर्मन ईशज्ञानी युर्गेन मोल्टमन याचं आयुष्य इथं सांगण्यासारखं आहे. १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्ब पडत होते, सतरा वर्षांचा हा पोरगा विमानविरोधी तोफेवर होता, शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या चिंधड्या उडाल्या आणि हा वाचला. घरात धार्मिक वातावरण नव्हतं, पण त्या रात्री तो पहिल्यांदा ओरडला, देवा, तू कुठं आहेस? पुढं ब्रिटिशांच्या युद्धकैदेत त्याच्या हातात बायबल आलं, आणि त्यागलेल्या येशूचा तो आक्रोश वाचून त्याला वाटलं की हा मला समजू शकतो. १९७२ मध्ये त्यानं यावर मोठा ग्रंथ लिहिला, की देव लांबून बघत नव्हता, तो वधस्तंभावर होता. यावर वाद आहेत. देव बदलत नाही, त्याला दुःख होऊ शकत नाही अशी चर्चची जुनी शिकवण आहे, आणि बुडणाऱ्याला सोबत बुडणारा काय कामाचा असंही लोक विचारतात. विचारणं बरोबर आहे. म्हणूनच चर्च तिथं थांबत नाही, तिसऱ्या दिवसाचं पुनरुत्थान सांगतं, मारणाऱ्यांचा निकाल शेवटचा नाही असं सांगतं. पण शुक्रवारचं मरण आणि ईस्टरचा रविवार यांच्या मधला शनिवार विसरू नका. तो पूर्ण दिवस शिष्यांकडे काहीच नव्हतं, आणि ज्यांचं माणूस मारलं गेलंय त्यांचा तो शनिवार वर्षानुवर्षं चालू शकतो. त्यांना ढकलत ढकलत ईस्टरला नेऊ नका. येशूला तर माहीत होतं की तो आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार आहे, तरी कबरीकडे जाताना तो आधी रडला.

क्षमेचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावानं जाळून मारले. ते कुष्ठरोग्यांत काम करायचे. पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि पुढची काही वर्षं तिथंच राहून ते काम चालू ठेवलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायचं काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला बसनं जाताना त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं जेलमध्ये जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला कॅथलिक चर्चनं राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

हे ऐकून अंगावर काटा येतो, येऊ द्या. पण ही उदाहरणं हत्यारासारखी वापरू नका. आठवड्याभरापूर्वी पोरगा गेलेल्या बापाला 'ग्लॅडिसनं क्षमा केली, तुम्हीही करा' असं म्हणणारे मी ऐकलेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. क्षमा ही ज्याचं गेलं त्यानं त्याच्या वेळेला द्यायची गोष्ट आहे, मंडळीनं वसूल करायची नाही. आणि क्षमा केली म्हणजे केस मागं घ्यायची असंही नाही. स्टेन्स प्रकरणात क्षमेनंतरही कोर्ट चाललंच, मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशी, २००५ मध्ये हायकोर्टात ती जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम ठेवली. साक्ष देणं, वकील लावणं, न्याय मागणं यानं विश्वास कमी होत नाही. काइनाला जाब विचारणारा देवच आहे ना.

तरुण संघात पोरं शेवटी विचारतात, मग जाऊन करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. जा, खाली बसा, बोलू नका, आणि बोलायचंच झालं तर गेलेल्याचं नाव घेऊन त्याच्याबद्दल बोला, सगळे नाव टाळतात आणि आईला तेच नाव ऐकायचं असतं. प्रार्थना करायला सांगितली तर ८८ वं किंवा १३ वं स्तोत्र वाचा, वर स्पष्टीकरण जोडू नका. कोणी म्हणालं की मला आता चर्चला यायचं नाही, तर वाद घालू नका, डबा मात्र पोचवा. तेरा-चौदा दिवसांनी मांडव निघतो, खुर्च्या जातात आणि माणसंही जातात, खरी गरज तेव्हा सुरू होते. पहिला नाताळ, पोराचा वाढदिवस, २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या लावायचा दिवस, या तारखा लिहून ठेवा. आणि सगळ्यात जास्त कोर्टाच्या तारखा. सिव्हिल लाइन्सला सकाळी अकरापासून बापाला बाकावर बसून राहावं लागतं, समोरून ती पोरं बेड्यांमध्ये जातात, त्यांचे नातेवाईक बघून राहतात, आणि संध्याकाळी कळतं की पुढची तारीख मिळाली. त्या बाकावर त्याच्याशेजारी मंडळीतलं कोणीतरी बसलेलं पाहिजे, दर तारखेला, केस संपेपर्यंत. आमच्याकडे आता त्यासाठी आळीपाळीनं नावं लावली आहेत.